कानउघाडणी

आमच्या साडूंचे कान फार तिखट आहेत, असं ते स्वतः म्हणतात. घरातल्या इतर मंडळींचं मत जरा निराळं आहे. कुकरच्या शिट्या, दाराची घंटा आणि 'अहो, ऐकलंत का' या तीन गोष्टी त्यांना ऐकू येत नाहीत. (तिसरी ऐकू न येणं हा आजार नव्हे, ती संसारी पुरुषाला निसर्गाने दिलेली ढाल आहे. तेव्हा ती सोडून देऊ.) पण एका वायरीतून आलेला षड्ज आणि दुसऱ्या वायरीतून आलेला षड्ज यांतला फरक ते झोपेतही सांगतील.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "साडूराव, असाल तसे या! अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या दिवाणखान्यात बसलेत."

खाँसाहेब 1937 साली वारले. त्यामुळे मी चप्पल घालताना थोडी घाई केली.

दिवाणखान्यात खाँसाहेब नव्हते. शोकेसवर मिठाईच्या खोक्याएवढा एक काळा डबा होता. त्यावर एकच निळा दिवा, आणि किंमत एक लाख दहा हजार. दुकानदाराने तो आठ दिवस घरी ऐकायला दिला होता. पसंत पडला तर पैसे, नाहीतर परत. पूर्वी स्थळं अशी दाखवत. पण आठ दिवस ठेवून घ्यायची सोय तेव्हा नव्हती.

या डब्याला स्ट्रीमर म्हणतात. ज्यांच्या घरी अजून रेडिओ आणि शांतता दोन्ही नांदतात त्यांच्यासाठी सांगतो : हा इंटरनेटवरून गाणं आणतो आणि पुढच्या यंत्राच्या हवाली करतो. त्या पुढच्या यंत्राला डॅक म्हणतात. ते आकड्यांचा आवाज करतं, मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकर, मग शेजारी.

"ऐका," साडू म्हणाले, "जुन्या चार हजारांच्या डबीपेक्षा हा किती हवेशीर आहे!"

'हवेशीर' हा शब्द मी तोवर फक्त फ्लॅटच्या जाहिरातीत वाचला होता. पण या डब्यांची परीक्षणं लिहिणारी जी जमात आहे, तिची भाषाच अशी. खर्ज 'मखमली', मध्य सप्तक 'रसाळ', पार्श्वभूमी 'काळीकुट्ट'. अर्धे शब्द साडीच्या दुकानातले, उरलेले आंबेवाल्याकडचे. त्या परीक्षणात सगळं असतं, फक्त एक वाक्य नसतं : 'कुठला डबा वाजतोय हे मला माहीत नव्हतं.' खाँसाहेबांची ती तबकडी 78 फेऱ्यांची, जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यावरची खरखरसुद्धा आता 'तपशीलवार' झाली आहे, असं साडूंनी डोळे मिटून सांगितलं.

मी मूळचा हिशेबतपासनीस. आकडा दिसला की माझ्यातला हट्टी माणूस जागा होतो. म्हटलं, "अण्णा, सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला 44,100 मोजमापं, प्रत्येक 16 बिटांचं, डावीकडचं एक आणि उजवीकडचं एक. म्हणजे सेकंदाला 14,11,200 शून्यं आणि एक. हा डबा पोस्टमन आहे. पोस्टमनने जरीचा फेटा बांधला म्हणून पत्रातलं अक्षर सुधारत नाही. वाटेत आकड्यांचं एखादं पाकीट हरवलंच, तर तो ते पुन्हा मागवतो. आलेला माल आधी कोठीत साठवतो आणि मग हळूहळू पुढे देतो. इंटरनेट अगदीच रुसलं तर गाणं बंद पडेल, नाहीतर ॲप गुपचूप हलक्या प्रतीचं गाणं पाठवायला लागेल. पण त्याच आकड्यांतला गंधार कोमल झाला, असं होणार नाही."

"तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?" साडू म्हणाले.

हे वाक्य ऐकताच स्वयंपाकघरात ताईंच्या हातून पळी पडली. त्यांना तीही ऐकू आली नाही.

मग परीक्षा ठरली. दोन्ही डब्या त्याच एका डॅकला जोडल्या आणि मध्ये पलंगपोस धरला. पलंगपोसामागे ताई. त्यांनी रुपया उडवायचा. छापा आला तर नवा डबा, काटा आला तर जुनी डबी. साडूंनी ओळखायचं. मी वहीत रेघा मारायच्या.

पहिल्या दहा वेळा साडूंनी दहाच्या दहा बरोबर ओळखले.

माझी अवस्था काय वर्णावी! ताईंनी पलंगपोसावरून डोकं काढून माझ्याकडे जी नजर टाकली, ती मी तोवर फक्त बायकोकडे पाहिली होती. दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे तेव्हा नीट लक्षात आलं. साडूंनी तर दुकानदाराला लावायला फोन हातात घेतला.

वाचवलं भाच्याने. तो इंजिनीअर आहे, त्यामुळे घरात सहसा त्याचं कुणी ऐकत नाही. त्याने जुन्या डबीच्या ॲपमध्ये डोकावून पाहिलं. तिथे 'सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा ठेवा' असं एक बटण चालू होतं, आणि त्यापायी जुनी डबी प्रत्येक गाणं थोडं हळू वाजवत होती. नव्यात ते बटण बंद होतं. माणसाच्या कानाची एक जुनी खोड आहे. आवाज किंचित मोठा झाला, की तो मोठा झालाय असं त्याला वाटत नाही, गोड झालाय असं वाटतं. दुकानांतले निम्मे व्यवहार या एका खोडीवर चालत असावेत असा मला दाट संशय आहे.

म्हणजे साडूंना फरक ऐकू येत होता, हे खरंच. मी 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावलं होतं, ते चूक होतं. फक्त तो फरक एक लाख सहा हजारांचा नव्हता, एका बटणाचा होता.

बटण बंद केलं. भाच्याने स्पीकरच्या तारांना मल्टीमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा असल्याची खात्री केली. पुन्हा परीक्षा, या वेळी सोळा फेऱ्यांची. नुसत्या अंदाजाने सोळांत बारा किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात चाराहूनही कमी; तेव्हा बारा आले तर मी हरलो, असं ठरलं.

साडूंचे नऊ आले.

यात त्यांनी लाजावं असं काही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या मेयर आणि मोरान या दोघांनी 2007 साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तिथे प्रश्न डब्याचा नव्हता, त्याहून पुष्कळ मोठा होता : अतिउच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण, आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेलं, यांतला फरक कळतो का? कान तयार असलेल्या माणसांनी 554 वेळा उत्तर दिलं, त्यातलं 276 वेळा बरोबर. म्हणजे ताईंच्या रुपयानेही एवढंच यश मिळवलं असतं.

न्यायाला धरून एवढं सांगायला हवं, की डॅक त्या डब्याच्या पोटातच असेल तर गोष्ट बदलते. मग आकड्यांचा आवाज तोच करतो, आणि वाईट केला तर ते कानाला कळू शकतं. कधी तांब्याच्या वायरीतून विजेची घूंऽऽ अशी कुरकुर शिरते, तीही खरी. आणि खोली! साडूंच्या खोलीत डग्गा घुमला की शोकेसची काच त्याला साथ करते. गेली कित्येक वर्षं ती सगळ्या मैफलींत बिनबिदागी वाजते आहे. तिच्या फटीत घडी केलेला कागद खोचला आणि जमिनीवर एक जाड सतरंजी अंथरली. त्या संध्याकाळी जो फरक पडला तो मला पलंगपोसाशिवाय ऐकू आला. खर्च शून्य.

मला वाटलं, मी जिंकलो. वही मिटली. साडू मात्र बराच वेळ त्या निळ्या दिव्याकडे बघत बसले होते.

"मग तंबोरा कुठे गेला?" ते म्हणाले.

"कुठला तंबोरा?"

"ऐन विशीत मी बैठकीला जायचो तेव्हा मुद्दाम तंबोऱ्यापाशी बसायचो. जवारीची ती बारीक झणकार असते ना, वर तरंगणारी... दोन वर्षं झाली, ती येतच नाही. वायरी बदलल्या, सुया बदलल्या. म्हटलं, या डब्याने तरी येईल."

ताई पलंगपोसाची घडी घालत होत्या. ती घडी त्यांनी तीनदा घातली.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून एकेक स्वर ऐकवतात आणि त्याचा आलेख काढतात. साडूंचा आलेख 1,000 हर्ट्झपर्यंत पठारावरून चालला होता. पुढे उतार लागला, आणि 4,000 पासून 8,000 पर्यंत कोकणकडा. वय झालं की वरचे स्वर आधी जातात, डॉक्टर म्हणाले. तंबोऱ्याची झणकार तिथेच वर राहते, 'स' आणि 'श' तिथेच, आणि कुकरचीही वस्ती तिकडेच. (सोबत म्हणून माझाही आलेख काढला. त्याची चर्चा करायला या लेखात जागा नाही.)

डब्बा दुकानात परत गेला. डॉक्टरांनी कानात घालायची दोन यंत्रं दाखवली, एक चाळीस हजारांचं, एक लाखाच्या वरचं.

साडू ताडकन म्हणाले, "छे! आवाज मोठा करायचा, एवढंच ना? मशीनं सगळी सारखीच असतात. हवं तर यांना विचारा, हिशेबतपासनीस आहेत."

मी घाईघाईने सांगितलं, की नाही, अण्णा, इथे तसं नाही. तो डबा नुसता निरोप्या होता. हे यंत्र कुठला स्वर किती उचलायचा ते ठरवतं, तुमच्या आलेखाबरहुकूम. डॉक्टरांनी पुस्ती जोडली, की महागड्या यंत्रात फोनवरचं गाणंही थेट कानात ऐकता येतं.

साडूंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. दोन्ही यंत्रं त्यांनी उजेडात धरून उलटसुलट पाहिली आणि डॉक्टरांना विचारलं,

"आठ दिवस घरी न्यायला मिळतील का? पलंगपोस आहे आमच्याकडे."