उधळ्या पुत्राचा पिता आणि ‘स्मृतिचित्रे’तील बाप : ख्रिस्ती पितृत्वाच्या आदर्शाचा चिकित्सक विचार

सारांश :

ख्रिस्ती धर्मविचारात परमेश्वराला ‘पिता’ म्हणून संबोधले जाते. त्यामुळे मानवी पित्यापुढे एक आदर्श उभा राहतो आणि त्याबरोबर एक धोकाही निर्माण होतो. प्रस्तुत लेखात लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातून पितृत्वाची काही लक्षणे शोधली असून त्यांच्या प्रकाशात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’तील पित्यांचे वाचन केले आहे. या दोन संहितांमध्ये साम्य आहे, परंतु त्याहून अधिक बोलका त्यांच्यातील विरोध आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : पितृत्व, दाखला, धर्मांतर, माउली, आत्मचरित्र.

प्रास्ताविक :

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास बहुतांशी धर्मांतर, समाजसुधारणा व मिशनकार्य या अंगांनी झाला आहे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी विधवांच्या प्रश्नासाठी अभ्यासली जाते, तर ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३७) हे आत्मचरित्र त्यातील निर्व्याज विनोदासाठी आणि पति-पत्नींच्या विलक्षण सहजीवनासाठी. ‘स्मृतिचित्रे’ हा एका अर्थी पित्यांचाही ग्रंथ आहे, ही बाब मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. लेखिकेचे वडील, तिचे सासरे, तिचे पती आणि ज्या स्वर्गीय पित्याचा तिने पुढे स्वीकार केला तो परमेश्वर, अशी पितृत्वाची चार रूपे या ग्रंथात एकमेकांशेजारी येतात. चांगला पिता कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत शोधावयाचे असल्यास केवळ धर्मवचनांवर विसंबून चालणार नाही. ती वचने एका मराठी घरात कशी उतरली, कोठे अडली, हेही पाहावे लागेल.

दाखल्यातील पिता :

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील हा दाखला (वचने ११ ते ३२) ‘उधळा पुत्र’ या नावाने ओळखला जातो. हे नाव पुरेसे न्याय्य नाही. कथेच्या आरंभीच एका मनुष्याला दोन पुत्र होते असे सांगितले जाते. कथेचा कर्ता पिता आहे आणि दोन्ही पुत्र त्याच्याच संदर्भात अर्थपूर्ण होतात.

धाकटा पुत्र पिता हयात असताना मालमत्तेतील आपला हिस्सा मागतो. अनुवादाच्या २१व्या अध्यायातील नियमशास्त्रानुसार ज्येष्ठाला दुप्पट वाटा असे. त्यामुळे दोन भावांत धाकट्याकडे एक तृतीयांश येतो. पित्याच्या हयातीतच वारसा मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणेच होय. पिता तरीही वाटणी करून देतो. पुत्राच्या चुकण्याच्या स्वातंत्र्यावरही त्याने पहारा ठेवलेला नाही.

पुढील प्रसंग सर्वपरिचित आहे. दूर देश, उधळपट्टी, दुष्काळ आणि यहुद्याच्या दृष्टीने अत्यंत हीन असे डुकरे राखण्याचे काम. पुत्र परततो तेव्हा तो अजून दूर असतानाच पित्याला दिसतो. म्हणजे पित्याची दृष्टी वाटेकडे लागलेली होती. पिता धावत जातो. केनेथ बेली यांनी मध्यपूर्वेतील ग्रामजीवनाच्या आधारे या दाखल्याचा जो अभ्यास केला (१९७६), त्यात या धावण्याला विशेष महत्त्व दिले आहे. त्या समाजात प्रतिष्ठित वृद्धाने अंगरखा सावरीत सर्वांदेखत धावणे हे मानहानीचे लक्षण होते. पुत्राच्या वाट्याची लाज पिता येथे स्वतःवर घेतो. पुत्राने मनाशी जुळवून आणलेले, मजूर म्हणून ठेवून घेण्याची विनंती करणारे वाक्य तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच झगा, अंगठी आणि पायताण आणण्याची आज्ञा झालेली असते.

तथापि दाखल्याचा खरा कस उत्तरार्धात लागतो. थोरला पुत्र शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागावून बाहेरच थांबतो. त्याची तक्रार खोटी नाही. इतकी वर्षे चाकरी केली, पण मित्रांबरोबर आनंद करण्यासाठी एक करडूही मिळाले नाही, असे तो म्हणतो. पिता त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो. धाकट्याचा उल्लेख ‘तुझा मुलगा’ असा करणाऱ्या थोरल्याला तो ‘तुझा भाऊ’ असे उत्तर देतो. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. हा दाखला पापी लोकांच्या पंक्तीस बसण्याबद्दल कुरकुर करणाऱ्या परूश्यांना व शास्त्र्यांना उद्देशून सांगितला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या अपूर्ण शेवटाचे प्रयोजन कळते.

यावरून पितृत्वाची चार लक्षणे हाती येतात : स्वातंत्र्य देणे, वाट पाहणे, स्वतःच्या प्रतिष्ठेपेक्षा संततीला मोठे मानणे आणि आज्ञाधारक अपत्याच्या मूक दुःखाकडेही लक्ष देणे. अधिकार गाजविणे हे लक्षण या यादीत नाही.

आज्ञापालन व त्याची दुसरी बाजू :

याला पौलाच्या नावे असलेल्या पत्रांतील कुटुंबविषयक उपदेशाचा आधार मिळतो. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञापालन सांगितले आहे. पण लगेच चौथ्या वचनात बापांनी मुलांना चिडीस आणू नये असेही बजावले आहे. कलस्सैकरांस पत्रात (३:२१) मुले खचून जातील हे कारणही दिले आहे. रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख पित्याला संततीच्या जीवितावरही अधिकार होता. त्या काळात पित्याला कर्तव्याची मर्यादा घालणे ही सामान्य गोष्ट नव्हती. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र पहिले वचन वारंवार सांगितले जाते आणि दुसरे मागे पडते.

‘पिता’ या प्रतिमेवरील स्त्रीवादी आक्षेपाचे मूळ येथेच आहे. मेरी डेली यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ईश्वराला पुरुषरूप दिल्याने पुरुषसत्तेलाच ईश्वरी अधिष्ठान मिळते. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही आईचा उल्लेख नाही. दाखल्यातील पित्याचे वर्तन सत्ताधीशाचे नाही, एवढे उत्तर तत्त्वतः देता येते. परंतु ते घरात टिकते का, हे पाहण्यासाठी ‘स्मृतिचित्रे’कडे वळले पाहिजे.

‘स्मृतिचित्रे’तील पिते :

लक्ष्मीबाईंच्या (१८६८-१९३६) वडिलांचे, नाना गोखल्यांचे चित्र ग्रंथाच्या आरंभीच येते. सासऱ्यांना १८५७च्या बंडाच्या प्रकरणात फाशी झाल्यानंतर नानांच्या मनावर आघात झाला आणि त्यांनी टोकाचे सोवळे आरंभिले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. लेखिकेने हे सारे विनोदाने सांगितले असले तरी त्या विनोदाखाली एका मुलीचे कोंडलेले बालपण आहे. नाना दुष्ट नव्हते, भयग्रस्त होते. पित्याची धर्मनिष्ठा भीतीतून जन्मली म्हणजे तिची झळ मुलांना लागते, हे या चित्रातून प्रत्ययास येते.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे वडील वामनराव तापट होते. आई जानकीबाई वारल्यावर लहान वयातच नारायण घराबाहेर पडला. ज्याला स्वतःच्या घरात प्रेमळ पिता मिळाला नाही, त्याने पुढे ईश्वराच्या पितृत्वाचा शोध घ्यावा, यात एक आंतरिक संगती दिसते. मात्र तिच्यावर फार भार टाकणे योग्य नव्हे. टिळकांच्या धर्मांतरामागे दीर्घ वैचारिक मंथनही होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता हे घडले. लक्ष्मीबाई व चिमुकला दत्तू (देवदत्त) मागे राहिले. नातलगांच्या आधाराने, पंढरपूरसारख्या क्षेत्री त्यांनी ताटातुटीचे दिवस काढले. येथे दाखल्याची मांडणीच उलटी झालेली दिसते. शुभवर्तमानात पुत्र दूर देशी जातो व पिता वाट पाहतो. ‘स्मृतिचित्रे’त पिता दूर देशी जातो, आणि वाट पाहण्याचे काम पत्नीच्या व पुत्राच्या वाट्याला येते. पित्याच्या दृष्टीने ही सत्याकडे केलेली यात्रा होती. उंबऱ्याच्या आत राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने ते बापाचे निघून जाणे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. टिळकांच्या चरित्राचा गौरव करताना दुसरीचा विसर पडू देणे हे समीक्षेचे काम नव्हे.

मग दाखल्यातील पित्याची जागा येथे कोण घेते? उत्तर लक्ष्मीबाई हेच द्यावे लागते. स्वतःची प्रतिष्ठा, जातीचा आधार, सोवळ्याचे संस्कार हे सर्व ओलांडून त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे गेल्या. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने. टिळकांच्या बाजूनेही येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. धर्मांतराचा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला, परंतु पत्नीच्या निर्णयासाठी ते थांबले. स्वातंत्र्य देऊन वाट पाहणे हे दाखल्यातील पित्याचे लक्षण त्यांच्या ठिकाणी उशिरा, पण निश्चितपणे उमटले.

रक्तापलीकडचे पितृत्व :

टिळकांच्या पितृत्वाचा सर्वांत उजळ भाग कदाचित त्यांच्या रक्ताच्या नात्याबाहेर आहे. त्यांच्या घराने अनाथ मुलांना आश्रय दिला. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात पुढे आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी (१८९०-१९१८), काही काळ याच घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यावाचून त्यांच्या वाट्याच्या मायेत उणे आले नाही. ज्या काळी ख्रिस्ती घरी राहणे म्हणजे धर्म बुडविणे असे समजले जाई, त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

ख्रिस्ती परंपरेत याला योसेफाचे उदाहरण आहे. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो ऐकतो, उठतो, बालकास व त्याच्या आईस घेऊन मिसरात जातो. त्याचे पितृत्व रक्ताचे नसून स्वीकाराचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या पत्रात योसेफाच्या याच पैलूंवर भर दिला आहे : पिता जन्माने होत नाही, जबाबदारी घेतल्याने होतो. टिळकांच्या घरातील हा स्वीकार याच जातीचा होता. मात्र योसेफाची दुसरी बाजू, म्हणजे बालक व आई यांना प्रवासात बरोबर घेणे, ही १८९५ मध्ये टिळकांना साधली नव्हती.

पिता आणि माउली :

टिळकांच्या भक्तिगीतांत ख्रिस्त वारंवार माउलीच्या रूपात येतो. ज्ञानेश्वरांना व विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकरी परंपरेचा हा वारसा होय. याकडे केवळ देशीकरणाची युक्ती म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. ईश्वराच्या पितृत्वातील धावत येणारे वात्सल्य व्यक्त करण्यास मराठी मनाजवळ ‘पिता’ हा शब्द पुरेसा नव्हता. घरातील प्रत्यक्ष बाप तापट किंवा भयग्रस्त असल्यावर त्या शब्दाला धाकाचा वास येणारच. ‘माउली’ या शब्दाने टिळकांनी ती उणीव भरून काढली. डेली यांच्या आक्षेपाला मराठी भक्तिपरंपरेतून मिळणारे हे उत्तर पूर्ण नसले तरी प्रामाणिक आहे.

समारोप :

या विवेचनाला एक मर्यादा आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे पत्नीने लिहिलेले आत्मचरित्र आहे. बापाविषयी मुलाचा स्वर त्यात फार कमी ऐकू येतो. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर अखेरचा भाग देवदत्तांनी पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही टिळकांनी आरंभिले, लक्ष्मीबाईंनी पुढे नेले व देवदत्तांनी पूर्णत्वास पोचविले. ज्या मुलाला बापाच्या शोधयात्रेची किंमत मोजावी लागली, त्यानेच बापाचे अपुरे काम हाती घेतले. यात क्षमा आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु दाखल्यातील थोरल्या पुत्राप्रमाणे येथेही आपल्याला दारापर्यंतच जाता येते.

निष्कर्षतः असे म्हणता येईल की, ख्रिस्ती दृष्टीने चांगला पिता हा निर्दोष पिता नव्हे. शुभवर्तमानातील पित्याचे मोठेपण तो दोनदा घराबाहेर येतो यात आहे, एकदा चुकलेल्यासाठी आणि एकदा रुसलेल्यासाठी. टिळक पहिल्या प्रकारे अनेकांसाठी बाहेर आले. दुसऱ्या प्रकारे स्वतःच्या घरातील मुलासाठी ते किती आले, हा प्रश्न त्यांच्या वाचकाने जागता ठेवला पाहिजे. समाजासाठी झटणाऱ्या, बाहेर आदरास पात्र ठरलेल्या आणि घरी क्वचितच सापडणाऱ्या पित्यांची संख्या आपल्या सार्वजनिक जीवनात थोडी नाही. त्यांच्यासाठीही ‘स्मृतिचित्रे’चे हे वाचन उपयुक्त ठरावे.