वृक्षवलयें व प्रक्षेप

खोडांतील वलयें म्हणजे दूषित हवेची सालवार बखरच, असें कित्येक शास्त्रज्ञ म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच मान्य आहे. वलयाचें वर्ष खरें. अमेरिकेंत डग्लस यांनीं पोथ्यांचे पाठ ताडावे तशीं अनेक झाडें ताडून तें गणित पक्कें केलें. परंतु शिसें ओल्या लाकडांतून शेजारच्या वलयांत सरकूं शकतें. म्हणजे १९२० च्या पानावर १९३० ची शाई! प्रक्षेप पारखणाऱ्या आमच्या वाचकांस हा घोटाळा नवा नाहीं. लाकडाच्या तंतूंत बांधला गेलेला कर्ब मात्र जागचा हलत नाहीं. दगडी कोळसा इतका प्राचीन, कीं त्यांत किरणोत्सर्गी कर्ब उरलेलाच नसतो. अर्वाचीन लाकडांतील त्या कर्बाच्या घटीवरून झ्यूस यांनीं १९५५ सालीं धुराचा जो माग दाखविला, तो आम्ही विश्वसनीय मानतों. शिशाचे आंकडे तळ्यांतील गाळाची अगर कारखान्याच्या दप्तराची साक्ष मिळेपर्यंत बाजूस ठेवावे.