‘स्वयंपाक’ या शब्दातील ‘स्वयं’

नित्याच्या वापराने ज्यांचे मूळ अर्थ झिजून गेले आहेत, अशा मराठी शब्दांत ‘स्वयंपाक’ या शब्दाची गणना करावी लागेल. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे हा त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ. परान्न वर्ज्य मानणाऱ्या आचारधर्माशी त्याचे नाते आहे. आज मात्र हा शब्द उच्चारताना त्यातला ‘स्वयं’ कोणालाही ऐकू येत नाही. घरातल्या आठ माणसांसाठी भाकऱ्या थापणारी स्त्री ‘स्वयंपाक’च करते, आणि वेतन घेऊन दुसऱ्याच्या घरी अन्न शिजवणाऱ्याला तर आपण ‘स्वयंपाकी’ म्हणतो. शब्दात स्वावलंबन आहे. व्यवहारात एकाचे स्वावलंबन दुसऱ्याच्या श्रमावर उभे आहे. गृहजीवनातील साध्या सुखांविषयीच्या साहित्याचे मूल्यमापन करताना हा अंतर्विरोध विचाराच्या केंद्रस्थानी असावा, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे.

घरकामाचे चित्रण करणाऱ्या साहित्याकडे आपली समीक्षा सामान्यतः दोन दृष्टींनी पाहत आली. एक दृष्टी रूपकाची. तिच्या लेखी जाते म्हणजे संसार, चूल म्हणजे तपश्चर्या. दुसरी दृष्टी वेदनेची. तिच्या लेखी तेच जाते आणि तीच चूल स्त्रीच्या बंदिवासाच्या खुणा ठरतात. दोन्ही वाचनांत तथ्य आहे. पण दोन्हींमध्ये जाते मागे पडते आणि त्याचा अर्थ तेवढा उरतो. दळणे, निवडणे, पेरणे, खुरपणे या क्रियांमध्ये एक ज्ञान असते, त्या ज्ञानाचा एक आनंद असतो आणि त्या आनंदाची कोणीतरी किंमत मोजलेली असते. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचणारी दृष्टी आपल्याला अद्याप घडवायची आहे.

या संदर्भात हेन्री डेव्हिड थोरोच्या ‘वॉल्डन’कडे (१८५४) वळणे उपयुक्त ठरेल. थोरो म्हटले की आपल्याला सविनय कायदेभंग आठवतो आणि पाठोपाठ गांधीजी. ‘वॉल्डन’ मराठीत आणले दुर्गा भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. ज्या हाताने ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहिले, त्याच हाताने हे भाषांतर केले आणि ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तकही लिहिले. समीक्षेने या लेखिकेच्या निसर्गलेखनाची आणि लोकसाहित्याच्या अभ्यासाची थोरवी गायिली. पाककलेला मात्र विदुषीचा छंद समजून बाजूस ठेवले. वस्तुतः ‘वॉल्डन’ काळजीपूर्वक वाचले तर ही तिन्ही दालने एकाच घराची आहेत हे ध्यानात येते.

‘वॉल्डन’ हा संन्याशाचा ग्रंथ आहे, असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात तो प्रपंचाचा ग्रंथ आहे. त्याचे पहिले आणि सर्वांत दीर्घ प्रकरण अर्थव्यवहाराचे आहे. १० फूट रुंद आणि १५ फूट लांब असे घर बांधायला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हे थोरो बाबवार मांडतो. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि तिच्या फळ्या आपल्या घराला वापरल्या. सुमारे अडीच एकरांत मुख्यतः घेवड्याच्या जातीची शेंग लावून त्याला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट नफा झाला. आठ महिन्यांच्या अन्नाचा खर्च ८ डॉलर ७४ सेंट. भाकरीसाठी खमीर आवश्यकच आहे हा पिढीजात समज एका सकाळी चुकून त्याच्या हातून मोडला, आणि पुढे त्याने खमीर वापरणेच सोडले. भारतीय तत्त्वज्ञानावर प्रेम करणाऱ्याने तांदळावर राहावे हे योग्यच, असेही तो मिस्कीलपणे नोंदवतो. मक्याच्या शेतातली एक रानभाजी खुडून, मीठ घालून उकडली आणि समाधानाने जेवलो, असे तो सांगतो. ही भाजी म्हणजे आपली घोळ. जमीन धुवायची तेव्हा सारे सामान बाहेर गवतावर मांडून, पाणी आणि पांढरी वाळू टाकून ती खराट्याने घासण्यात त्याला करमणूक वाटते. सडासंमार्जनाचे हे सुख मराठी वाचकाला अपरिचित नाही. अपरिचित आहे ते एवढेच, की येथे ते सुख एक पुरुष भोगतो आणि त्याविषयी लिहितो.

या ग्रंथातील आनंदाचे रहस्य अलिप्ततेपेक्षा हिशेबात आहे. आपल्या एका वस्तूसाठी आयुष्याचा किती भाग खर्ची पडतो, ही थोरोची खरी मोजपट्टी. टेबलावरचे चुनखडीचे तीन दगड रोज पुसावे लागतात हे कळताच तो ते फेकून देतो. मनाचा पसारा आवरायचा राहिला असता वस्तूंची धूळ कोण पुसणार, असा त्याचा सवाल आहे. वॉल्डनच्या मुक्कामातच, जुलै १८४६ मध्ये, कर भरण्यास नकार दिल्यामुळे त्याने एक रात्र तुरुंगात काढली. ज्याच्या गरजा थोड्या त्याला सत्तेपुढे नमण्याची कारणेही थोडी, हा त्या रात्रीचा अर्थ. दुर्गाबाईंनी १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात आणीबाणीच्या काळात जी निर्भयता दाखवली, तिचा विचारही या साधेपणाच्या संदर्भात व्हायला हवा.

मात्र याच हिशेबाच्या वहीत एक रिकामी जागा आहे. धुण्याशिवण्याचे काम बहुतांशी बाहेर करून घेतले आणि त्याचे देयक अद्याप आलेले नाही, असे थोरो खर्चाच्या यादीजवळ सहज सांगून जातो. या एका वाक्याजवळ वाचकाने थांबले पाहिजे. खिळ्यांचा आणि मिठाचा हिशेब अर्ध्या सेंटापर्यंत देणाऱ्या लेखकाला कपडे धुणाऱ्या हातांची किंमत मांडता आलेली नाही. एमर्सनचा ‘स्वावलंबन’ हा निबंध १८४१ चा. त्याच एमर्सनच्या जमिनीवर थोरोने हा प्रयोग केला. जमीन मित्राची, कुऱ्हाड उसनी, धुणे दुसऱ्याकडे. थोरोने पहिल्या दोन गोष्टी लपवल्या नाहीत, हा त्याचा प्रामाणिकपणा. तिसरी त्याने विनोदात विरघळवली, ही त्याच्या दृष्टीची मर्यादा.

या रिकाम्या जागेचे लेखन मराठीत शोधायचे तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. येथे श्रम हा काव्याचा केवळ विषय नाही. तो काव्याचा घाट आहे. जात्याच्या फेऱ्याची लय ओवीच्या चरणांत उतरली आहे. जात्यावर बहुधा दोघी बसतात आणि दळताना आठवतात ती जेवणारी माणसे, माहेरचा भाऊ, पंढरीचा विठ्ठल. या काव्यातील ‘स्वयं’ एकट्याचा नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ग्रंथरूपाने आलेल्या कवितांतही पेरणी, कापणी, उपणणी ही कामे क्रमाने येतात आणि खानदेशच्या बोलीतले ‘घरोट’ आपल्या नावानिशी फिरत राहते. श्रमणाऱ्या व्यक्तीनेच येथे श्रमाचे गाणे केले असल्याने, त्यातील सुखाविषयी शंका घेण्याचा अधिकार वाचकाला नाही. ते श्रम तिने निवडले होते काय, हा प्रश्न मात्र उरतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वडिलांच्या सोवळ्यापायी बाहेरून आलेल्या वस्तू धूत राहणारे घर त्यांनी बालपणी पाहिले. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे पुन्हा त्यांच्याजवळ राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. ‘स्वयंपाक’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः जगला गेला: परान्न नको म्हणून स्वतःचे अन्न स्वतः. पण ते स्वावलंबन भयातून आलेले होते. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्यांनी तो निर्बंध स्वतःच सोडला. मराठी गद्यात एका गृहिणीचा ‘स्वयं’ खऱ्या अर्थाने प्रकट होतो तो येथे, वेगळी चूल विझवताना.

साधेपणाच्या सुखाची आणखी एक कसोटी बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (१९८६) समोर ठेवली. त्यांच्या वस्तीतील रानातली वेचणी भुकेची आहे. थोरोची घोळ आणि ही वेचणी पानात कदाचित सारखीच दिसेल. पहिलीच्या मागे नकाराचे स्वातंत्र्य आहे, दुसरीच्या मागे ते नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने (२०१५) मराठवाड्यातील दलित खाद्यपरंपरेच्या पाककृती लिहून काढल्या, तेव्हा पाककृतीचे पुस्तक हीच सामाजिक समीक्षा झाली. शीर्षकातला एक ‘अ’ त्यासाठी पुरेसा ठरला. ज्यांच्यावर साधेपणा लादला गेला त्यांच्याही पाककृतींत चवीचे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान करुणेचा विषय नसून अभ्यासाचा विषय आहे, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

अशा वेळी कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही. प्रमाणासाठी वाटी आणि चमचा ही मापे स्वीकारून तिने अंदाजाचे, म्हणजे सासूकडून सुनेकडे जाणारे, ज्ञान कोणालाही शिकता येईल अशा भाषेत मांडले. नवे बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीच्या आणि परदेशी जाणाऱ्याच्या सामानात ती गेली, यात तिच्या गद्याचे यश आहे. विशेषणांचा मोह टाळून क्रियापदांवर उभे असलेले हे गद्य वाचकाला एकच सांगते: हे तुम्हालाही करता येईल. जे काम एका व्यक्तीच्या नशिबी होते ते कोणाच्याही हाताशी आणणे, हा त्याचा सामाजिक अर्थ. ते सगळ्या हातांनी उचलले नाही, हा दोष गद्याचा नव्हे.

घरच्या सुखाचे चित्रण करणारी संहिता श्रेष्ठ कधी मानावी? तिच्यात भाजीचा वास किती दरवळतो यावरून हा निर्णय करता येणार नाही, आणि दुःखाचे प्रमाण किती यावरूनही नाही. भाजी कोणी निवडली, भांडी कोणी घासली आणि हे काम नाकारण्याची मुभा तिला होती की नाही, याचा पत्ता त्या संहितेत लागतो काय, हे पाहिले पाहिजे. जिथे तो लागतो, तिथे साधे सुख खरे ठरते. जिथे लागत नाही, तिथे देयक अद्याप यायचे आहे, असेच समजावे.