माळावर काय दिसलं नाही?

पक्षिनिरीक्षकांच्या मंडळांवर टीका करायची तर आधी त्यांचं देणं मान्य करावं लागेल. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023 चा अहवाल सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुसंख्य हौशी. पगार नाही, भत्ता नाही. माणसं पहाटे उठून तळ्यावर जातात आणि लिहितात.

ही नोंद ई-बर्डवर करताना एक प्रश्न येतो : ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं की यादी पूर्ण धरतात. वरवर किरकोळ गोष्ट. पण पूर्ण यादीत चिमणी नसेल, तर त्या सकाळी तिथे चिमणी दिसली नाही, हेही कळतं. कुमारिल भट्टांच्या परंपरेत याला अनुपलब्धी म्हणतात, आणि ते स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही हे कसं कळतं? असता तर दिसलाच असता, म्हणून. ही अट महत्त्वाची आहे बरं का. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

माझी तक्रार इथे आहे. नोंदीत वेळ असते, चाललेलं अंतर असतं, निरीक्षक किती तेही असतं. मेंढ्या किती, हे नसतं. कळप आला की आपण म्हणतो, 'डिस्टर्बन्स'. म्हणजे धनगर दिसतो, पण बघण्याजोगा ठरत नाही. मग उद्या तो माळावरून नाहीसा झाला, तर ते कळणार कोणाला?

राजस्थानातल्या भरतपूरला काय झालं बघा. 1982 मध्ये तिथे गुरचराई बंद केली. विरोध झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. या बंदीच्या बाजूने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. पुढे त्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासातून निघालं की म्हशी गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. संस्थेने हे दडवलं नाही, हा तिचा मोठेपणा. पण म्हशी आधी मोजल्या असत्या तर?

आपल्याकडे नान्नज. 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं ते जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, सोलापूर-नगरची गावं आणि शेतं पोटात घेऊन. जमिनीचे व्यवहार अडले, लोक त्या पक्ष्यावरच चिडले. पुढे क्षेत्र सुमारे बाराशेवर आणावं लागलं. तोवर माळढोक जवळजवळ गेलाच होता. कारणं अनेक आहेत, सगळा दोष अभयारण्यावर टाकणार नाही.

एक मात्र मंडळांना विचारतो. सरकारी कागदात माळाला 'पडीक' म्हणतात, आणि पडीक म्हटलं की कोणीतरी झाडं लावायला येतंच. पावसाळ्यात त्या खड्ड्यांपाशी फोटोला आपली मंडळंही उभी असतात! धाविक, चंडोल, माळढोक, सगळे जमिनीवर अंडी घालणारे. त्यांना उघडा माळ लागतो. हे पुस्तकात आपण वाचतो, आणि रविवारी रोपं घेऊन निघतो.

मेंढ्या किती, कोणत्या गावच्या, गेल्या वर्षी येत होत्या का, हे धनगराला विचारून लिहायला पाच मिनिटं लागतात. शेऱ्याची जागा मोकळीच असते. मी पाहिलेल्या पुष्कळ याद्यांत तिथे कॅमेऱ्याच्या लेन्सचं नाव लिहिलेलं असतं.