वेदनेची साधी भाषा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचे शहर आहे. तेथील एका साध्या खानावळीचे ब्रीदवाक्य उचलून त्याच शहरातील आर. ई. एम. या रॉक वाद्यवृंदाने १९९२ च्या ऑक्टोबरात आपल्या ध्वनिमुद्रिकेला नाव दिले : 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. नाव खानावळीचे, पण आतील बहुतेक गीते मरणाची आहेत. आईवडिलांना मूठमाती देणारी मुले आहेत, अखेरच्या श्वासाशी आलेले वृद्ध माणूस आहे.

समीक्षकांनी ध्वनिमुद्रिकेचे स्वागतच केले. 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी पाच तारे दिले. परंतु गायक मायकेल स्टाइप स्वतःच मरणपंथाला लागला आहे, अशी वदंता उठली. ती खोटी ठरली. २०११ साली वाद्यवृंद विसर्जित झाला तेव्हाही तो धडधाकट होता. गीताचा असा वैद्यकीय अहवाल करणे आम्हांस मान्य नाही. मरणाविषयी बोलायला स्वतः मरावे लागते काय?

'एव्हरीबडी हर्ट्स' हे त्यातील सर्वपरिचित गीत. आपल्या दादऱ्याप्रमाणे सहा मात्रांची संथ चाल, मागे जॉन पॉल जोन्स यांनी बांधलेले तंतुवाद्यांचे संयोजन. १९८३ च्या 'मर्मर'मध्ये या गायकाचे शब्द धड कळतही नसत. येथे शब्द न् शब्द स्वच्छ आहे, कारण हे गीत कोवळ्या वयाच्या मुलांसाठी होते, असे गिटारवादक पीटर बक यांनी सांगितले आहे. काही रसिकांना ते भाबडे वाटते. मात्र १९९५ साली ब्रिटनमधील 'समॅरिटन्स' संस्थेने आत्महत्येच्या विचारात असलेल्या तरुणांसाठी वृत्तपत्रांत केवळ या गीताचे शब्द आणि आपला दूरध्वनी क्रमांक छापला. इतका मोठा अभिप्राय कोणत्या समीक्षकाने दिला?

या गीतात देव नाही, असा आक्षेप आमच्या वाचकांकडून येईल. तो खराच आहे. परंतु स्तोत्र ८८ पाहावे. ते अंधारातच संपते, तरी ख्रिस्तसभा शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत ते म्हणते. स्तोत्रकर्त्याला गाऱ्हाणे ऐकवायला परमेश्वर आहे. या गीताला तो नाही, हे त्याचे उणेपण आम्ही झाकत नाही. पण कड्यावर उभ्या असलेल्या मुलाला आधी हात लागतो, प्रवचन नंतर.

शेवटच्या 'फाइंड द रिव्हर' या गीताकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. त्यातील साथीचे दोन आवाज माइक मिल्स आणि बिल बेरी यांचे आहेत. दोघांनी एकमेकांचे गाणे न ऐकता ते ध्वनिमुद्रित केले. एक आर्त आहे, दुसरा शांत.