'फुकट ते पौष्टिक' आणि संमतीचा प्रश्न

आपल्याकडे गमतीने म्हणतात, 'फुकट ते पौष्टिक'. आज आपण या गमतीकडे जरा संशयाने बघू या.

व्हॉट्सअ‍ॅप पूर्वी, पहिलं वर्ष सोडलं तर, वर्षाला एक डॉलर वर्गणी घेत असे. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. २०१६ मध्ये वर्गणी बंद झाली. आपण खूश झालो. पण वर्गणी होती तोवर गिऱ्हाईक आपण होतो. आता पैसे देतो तो आपल्यापर्यंत पोचू पाहणारा व्यापारी. तो हा खर्च मालाच्या किमतीत धरतो. म्हणजे खिसा शेवटी आपलाच!

२०२१ मध्ये नवे धोरण आले : माहिती मूळ कंपनीला देणे मान्य करा, नाहीतर अ‍ॅप सोडा. आपले संदेश कुणी वाचत नव्हते, हे खरे. पण फोन कुठला, कुठल्या दुकानाशी बोलणे झाले, एवढेही धंद्याला पुरते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले.

तुम्ही म्हणाल, गुलमंडीतल्या दुकानदाराच्या वहीतही आपली उधारी असतेच की! असते. पण ती वही मागून बघता येते, आणि दुकानही बदलता येते. इथे शाळा, सोसायटी, नातेवाईक, सगळे एकाच अ‍ॅपवर. आपण एकट्याने जायचे कुठे?

ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याच्या 'हो'ला आपण संमती म्हणू नये. दंडाच्या रकमेपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.