काळविटावर रोखलेला बाण

कालिदासाचं 'शाकुंतल' सुरू होतं ते शिकारीनं. प्रस्तावना आटोपते आणि भरधाव रथ येतो. रथात दोरी चढवलेलं धनुष्य घेतलेला दुष्यंत, पुढं जिवाच्या आकांतानं पळणारं काळवीट आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहणारा सारथी. वर्गात शिकताना ही पानं आपण भरकन उलटतो. घाई असते ती झाडांना पाणी घालणाऱ्या शकुंतलेची, भुंग्याची, वल्कलाच्या गाठीची. मला मात्र ही पानं साऱ्या नाटकाचा पाया वाटतात. ज्यानं ती लिहिली त्याला शिकार आतून ठाऊक होती. नेम, अंतर, जनावराचा कोन, हत्यार अंगात शिरल्यावर काय होतं, हे सगळं त्याला माहीत होतं. म्हणून त्याच्या लेखणीतून आलेलं 'मारू नका' इतकं वजनदार झालं.

सारथ्याच्या तोंडचं पहिलंच बोलणं पाहा. त्याला आपला धनी हरणामागं लागलेल्या पिनाकपाणी शंकरासारखा दिसतो. दक्षाचा यज्ञ हरणाचं रूप घेऊन पळाला आणि शंकरानं त्याचा पाठलाग केला, ती ही कथा. धन्याचं कौतुक म्हणून दिलेली उपमा, पण तिच्यात संहार आधीच येऊन बसला आहे.

मग खुद्द दुष्यंत हरणाचं वर्णन करतो. मान डौलानं वळवून ते पुन्हा पुन्हा मागच्या रथाकडे पाहतं. बाण आत्ता येऊन बसेल या धास्तीनं मागचं अंग पुढच्या अंगात शिरावं तसं आक्रसून घेतं. धापेनं तोंड उघडं पडलंय आणि त्यातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडतायत. उड्या अशा, की ते जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त. ज्यानं माळावर काळविटांचा कळप उधळलेला पाहिलाय त्याला हे शेवटचं निरीक्षण लगेच पटेल. पळता पळता चारी पाय उचलून उंच उसळी घेणं ही त्या जनावराची खासच खोड.

यातला दर्भ मला फार मोलाचा वाटतो. तोंडातला घास म्हणजे थोड्या वेळापूर्वी ते निवांत चरत होतं याचा पुरावा. भीती इतकी अचानक आली, की घास गिळायलाही सवड मिळाली नाही. वाटेवर पडलेलं ओलं, चघळलेलं गवत म्हणजे माग काढणाऱ्या पारध्याला मिळालेली खूणच. शिवाय दर्भ ऋषींच्या घरचा. हे जनावर आश्रमातलं आहे हे पुढं तपस्वी सांगतील, पण घास आधीच सांगून गेलाय. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त भयानक रसाचं उदाहरण म्हणून हाच श्लोक घेतला. भय हरणाचं आहे आणि ते दिसतंय मारायला निघालेल्याला. त्याच्या बोलण्यात आधी येतो तो मानेचा डौल.

आता शिकाऱ्याच्या बाजूनं बघू. ज्यांनी परदेशात रीतसर परवाना घेऊन हरणाची शिकार केली आहे, त्यांच्याकडून बंदुकीपेक्षा काडतुसाचीच चर्चा जास्त ऐकायला मिळते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी. व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. बारीक छर्रे पाखरांसाठी. मोठे छर्रे, ज्यांना आपल्याकडे एलजी म्हणत आले, ते हरणावर चालायचे; पण अंतर वाढलं की ते फाकतात. एक पोटात, एक मांडीत, आणि जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं. मग रात्रभर माग काढा, नाहीतर ते कुठल्या ओढ्यात तडफडून मरेल ते सोडून द्या. यावरचा उपाय म्हणजे स्लग, औंसभराची म्हणजे 28 ग्रॅमच्या आसपासची एकच भरीव गोळी.

या गोळीची घडण पाहिली की बाणच आठवतो. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी स्वतःभोवती नीट फिरत नाही, ती हवेत कोलमडू शकते. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेनं 1898 मध्ये गोळीच्या पाठीमागं नमद्याचा बूच पक्का जोडून दिला. वजन पुढं, ओढ मागं. बाणाच्या पिसांचं काम त्या नमद्यानं केलं. अमेरिकेत कार्ल फॉस्टरनं 1931 मध्ये गोळी मागून पोकळ केली, ती बॅडमिंटनच्या फुलासारखी नाक पुढं करून जाते. नळीला आतून आटे असतील तर प्लास्टिकच्या वेष्टनातली, लांब पल्ल्याची गोळी घ्यायची. गुळगुळीत नळीनं आणि नेम धरायच्या साध्या माशीनं पन्नासेक मीटरपलीकडे बार काढायचा नाही. शिवाय कुठली गोळी चांगली हे दुकानदार सांगू शकत नाही. आपल्याच नळीतून कागदावर चार बार काढून पाहावं लागतं. इलिनॉय, ओहायो अशा सपाट, वस्तीच्या शेतमुलखात हरणासाठी रायफलऐवजी शॉटगनचाच नियम बराच काळ होता, कारण ही जड गोळी लवकर जमिनीवर येते, पलीकडच्या घरापर्यंत पोचत नाही.

आणि या साऱ्या निवडीनंतरचा एक दंडक: जनावर आडवं उभं असावं आणि गोळी पुढच्या पायाच्या फऱ्यामागं, काळीज-फुप्फुसात जावी. पळत्या जनावराच्या ढुंगणावर बार काढू नये.

हा दंडक मनात ठेवून तो श्लोक पुन्हा वाचा. दुष्यंत मागून येतोय. रथातून त्याला मिळणार आहे तो नेमका मागचाच भाग, सगळ्यात वाईट कोन. हरीण आक्रसून घेतं तेही मागचंच अंग. बाण कुठं लागणार हे त्या जनावराला कळलंय, आणि कालिदासाला हे माहीत आहे की त्याला कळलंय. नुसती कल्पना लढवून असा तपशील सापडत नाही.

जमीन खाचखळग्यांची होती तोवर लगाम खेचलेले होते. आता सपाटी आली, लगाम सैल झाले, अंतर तुटलं. दुष्यंत बाण जोडतो. इतक्यात आवाज येतो: हे आश्रमाचं हरीण आहे, मारू नका. सारथी राजाला सांगतो, की बाणाच्या आणि काळविटाच्या मध्ये तपस्वी आले आहेत. उपदेशाचा श्लोक नंतर येतो, आधी ही माणसं बाणाच्या वाटेत उभी राहतात. राजा घोडे आवरायला सांगतो.

मग त्या तपस्व्यांपैकी वैखानस जे बोलतो त्याचा आशय असा: फुलांच्या राशीवर विस्तव टाकावा तसा हा बाण या कोवळ्या अंगावर टाकू नकोस, कुठं हरणाचा चंचल जीव आणि कुठं तुझे वज्रासारखे बाण. नीट पाहिलं तर काडतूस निवडणारा करतो तोच हिशेब हा तपस्वी करतोय. केवढ्या देहाला केवढा घाव, हाच प्रश्न. शिकारी विचारतो, घाव पुरेसा आहे ना? तपस्वी विचारतो, एवढा घाव कशासाठी? पुढं तो राजाला शस्त्राचं खरं काम सांगतो, ते पीडितांना राखण्याचं. राजा वाद घालत नाही, बाण उतरवतो. या एका कृतीनं तो आपल्या मनात नायक म्हणून उभा राहतो, शकुंतला दिसण्याच्या कितीतरी आधी.

कोल्हापुरात बसून हे वाचताना अंगावर येतं, कारण काळविटाची शिकार हा इथला राजेशाही खेळ होता आणि तोही चित्त्यांकरवी. आफ्रिकेतून चित्ते आणून पोसणाऱ्या शेवटच्या काही संस्थानांत कोल्हापूर होतं. रीत अशी: डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा. गाडीबैलांची सवय असल्यानं कळप जवळ येऊ द्यायचा. टप्प्यात आल्यावर चित्तेवान टोपी काढायचा, साखळी सोडायचा. काही क्षणांत चित्ता काळविटाच्या नरड्याला. मग पळी भरून रक्त त्याच्या पुढ्यात धरून चित्तेवान त्याला सावजापासून सोडवायचा. त्या माणसांचं कसब अफाट होतं आणि राजर्षी शाहू महाराजांची शिकारीची जाणही तशीच. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही उभी आहेत. पण काचेच्या डोळ्यांत भय उरत नाही. ते टिकलंय त्या श्लोकात.

दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीची तरफदारी करतो: चरबी झडते, अंग हलकं होतं, हलत्या सावजावर बाण बसवणं ही धनुर्धराची कसोटी. ती बाजूही कालिदास मनापासून मांडतो. तरी राजा हाकाऱ्यांना परत बोलावतो. रेड्यांना डबक्यात डुंबू दे, हरणांना सावलीत रवंथ करू दे, डुकरांना मोथा उकरू दे आणि माझ्या धनुष्यालाही, दोरी सैल करून, विसावा मिळू दे, असं तो सांगतो. कारण प्रेमाचं आहे, हरणांनी शकुंतलेला भोळं पाहणं शिकवलं म्हणून. पण हुकूम साऱ्या रानासाठी आहे. आपल्या दाजीपूरचंही असंच झालं. छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान 1958 मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पुढं देशभरच काळविटाला अभय मिळालं.

'शाकुंतल' शिकवणाऱ्या सर-मॅडमना एकच विनंती आहे. पहिला अंक आश्रमाच्या आळ्यांपासून सुरू करू नका. रथापासून सुरू करा, हरणाच्या श्लोकावर एक अख्खा तास द्या, आणि जमलं तर त्याच आठवड्यात मुलांना दाजीपूरच्या रानात घेऊन जा.